विक्रांतच्या डेकवरील सी हॉक: साडेतीन बाय पाच इंची छायाचित्र भिंतीवर नेण्याचे एक प्रकरण

नौदलाच्या हवाई शाखेत विमानांच्या देखभालीचे काम करून निवृत्त झालेले, आता ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ रत्नागिरीत आपल्या मुलीकडे राहतात. घराचे नूतनीकरण झाल्यावर दिवाणखान्याच्या मोठ्या भिंतीवर वडिलांच्या नोकरीतले विमान असावे, असे मुलीच्या मनात आले आणि त्यांनी माझ्याकडे एक कृष्णधवल छायाचित्र आणून दिले. साडेतीन बाय पाच इंचांच्या त्या कागदावर आयएनएस विक्रांत या नौदलाच्या जुन्या विमानवाहू जहाजाच्या डेकवर पंख दुमडून उभे असलेले सी हॉक हे लढाऊ जेट विमान आहे आणि त्याच्या पुढच्या चाकाजवळ दोन माणसे वाकलेली आहेत. त्यांपैकी डावीकडचे ते स्वतः. मागणी स्पष्ट होती: छत्तीस इंच रुंदीची फ्रेम, छायाचित्र रंगीत केलेले, आणि खाली पितळी पट्टीवर ‘१९७१चे युद्ध’ अशी अक्षरे.

आकार, रंग आणि ओळ या तिन्ही गोष्टी काम पूर्ण होईपर्यंत बदलल्या. जुन्या लष्करी विमानांची छायाचित्रे घरोघरी, हॉटेलांत आणि कार्यालयांत भिंतीवर लावण्याची आवड आता चांगलीच वाढली आहे आणि तयार चित्रे विकत मिळतात. परंतु घरातल्या मूळ छायाचित्रावरून असे चित्र करायचे झाल्यास कोणते निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावे लागतात, हे या एका कामातून नीट दिसते. त्यामागची माझी धारणा आधीच सांगतो. असे छायाचित्र शोभेची वस्तू होण्यापूर्वी एक नोंद असते, आणि त्या नोंदीत जे नाही ते भिंतीवर दाखवू नये. पुढचे सगळे निर्णय याच धारणेतून झाले आहेत. ती ज्यांना मान्य नसेल त्यांना हे निर्णय अनावश्यक काटेकोर वाटतील.

विमानाची ओळख

कोणतेही जुने छायाचित्र हाती आले की स्कॅनरचे झाकण उघडण्याआधी त्यातले विमान नक्की कोणते हे ठरवावे. इथे ते सोपे होते. सी हॉकची एक खूण लगेच सापडते: एकच जेट इंजिन असूनही त्याचा झोत शेपटीतून बाहेर पडत नाही, तो दुभागून दोन्ही पंखांच्या मुळाशी, धडाच्या डाव्या-उजव्या बाजूंनी बाहेर सोडलेला असतो. छायाचित्रात पंखाच्या मुळामागे काळपट तोंड दिसते ते याच झोतनळीचे. हॉकर कंपनीचा आराखडा, आर्मस्ट्राँग व्हिटवर्थची बांधणी, रोल्स-रॉइस नीन इंजिन, नाकाच्या खालच्या भागात २० मिलिमीटरच्या चार तोफा आणि विमानवाहू जहाजावर जागा वाचवण्यासाठी वर दुमडले जाणारे पंख असे हे विमान होते. भारतीय नौदलाचे ३०० क्रमांकाचे स्क्वाड्रन, म्हणजेच ‘व्हाइट टायगर्स’, ७ जुलै १९६० रोजी ब्रिटनमधील ब्रॉडी येथे याच विमानांवर उभे राहिले. विक्रांत ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे भारतीय नौदलात दाखल झाली. सी हॉक १९८३ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षअखेरीस त्यांची जागा घेणारी सी हॅरियर विमाने गोव्यात उतरली.

हा तपशील भिंतीवरच्या चित्राला कशाला हवा, असा प्रश्न घरच्यांनी विचारला आणि तो रास्तच होता. याचे एक उत्तर असे की छायाचित्राच्या काळाच्या दोन टोकाच्या सीमा यातून मिळतात: विक्रांतवरचे सी हॉक १९६१च्या आधीचे आणि १९८३च्या नंतरचे असू शकत नाही. छपाईत छायाचित्र उलटे झाले आहे की नाही, हेही ओळख पटल्यावरच तपासता येते. निगेटिव्ह उलटी ठेवून केलेल्या प्रती जुन्या अल्बमांत बऱ्याच सापडतात, आणि विमानाच्या बाबतीत ही चूक जाणकाराला दारातूनच खटकते. विमानवाहू जहाजाचा मनोरा, ज्याला नौदलात ‘आयलंड’ म्हणतात, विक्रांतवर जहाजाच्या उजव्या बाजूला होता. शेपटीजवळच्या क्रमांकाचा जेवढा भाग दिसत होता तो सरळ वाचता येत होता. त्यामुळे ही प्रत सुलटी आहे याबद्दल शंका उरली नाही.

‘१९७१चे युद्ध’ या ओळीचे काय झाले

४ डिसेंबर १९७१ रोजी विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील (आजच्या बांगलादेशातील) कॉक्स बाजार आणि चितगाव येथे हल्ले केले. या कामगिरीमुळे सी हॉक आणि १९७१ हे दोन शब्द नौदलाशी संबंधित घरांत जोडीनेच येतात. विक्रांतवरचे सी हॉकचे छायाचित्र म्हणजे युद्धातलेच, हा समज या घरातही वर्षानुवर्षे होता. नातेवाइकांना ते तसेच दाखवले गेले होते आणि एका लग्नाच्या वेळी तयार केलेल्या घरगुती पुस्तिकेत तसे छापूनही आले होते.

छायाचित्र मोठे करून पडद्यावर पाहिले तेव्हा उजव्या कडेला, डेकच्या कठड्यापाशी, साड्या नेसलेल्या तीन-चार स्त्रिया आणि अर्ध्या चड्डीतला एक मुलगा दिसू लागला. त्यांच्या मागच्या धूसर पट्ट्यात गोदीतल्या यारीचा तिरका हात ओळखू येत होता. कागदाच्या मागे पेन्सिलीने केवळ ‘विक्रांत’ लिहिलेले आणि मुंबईतील एका स्टुडिओचा पुसट शिक्का. युद्धाच्या दिवसांत विक्रांत बंगालच्या उपसागरात होती आणि तिच्या डेकवर सहकुटुंब पाहुणे असण्याचा प्रश्नच नव्हता. मी कन्येला हे दाखवत असताना ते गृहस्थ, म्हणजे काका, शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “हे मुंबईचं आहे. शिप गोदीत लागलं होतं आणि लोक बघायला आले होते. मी कधी युद्धाचा फोटो म्हटलं नाही, तुम्हीच म्हणायला लागलात.” काकांना हे पूर्वी कोणी विचारलेच नव्हते.

काकांच्या सेवापुस्तिकेत विक्रांतवरच्या नेमणुकीची वर्षे होती, १९६८ ते १९७५. त्यामुळे छायाचित्राचे वर्ष १९७१ असूही शकते; प्रसंग मात्र युद्धाचा नाही. ओळ अशी ठरली: ‘सी हॉक, आयएनएस विक्रांत, मुंबई. १९६८ ते १९७५ दरम्यान.’ कन्येच्या चेहऱ्यावर थोडी निराशा होती आणि ती मला समजत होती, कारण ‘दरम्यान’ या शब्दाला ‘युद्ध’ या शब्दाचे वजन नाही. मात्र नौदलात काम केलेला कोणी पाहुणा उद्या या भिंतीपाशी थांबला आणि कठड्यापाशी उभ्या असलेल्या स्त्रियांकडे त्याने बोट दाखवले, तर घरातील ज्येष्ठांना त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागू नये, हा मुद्दा त्यांनाही पटला. पितळी पट्टी रद्द झाली. ओळ माउंटच्या, म्हणजे छायाचित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या, खालच्या रुंद कडेवर बारीक अक्षरांत घ्यायचे ठरले.

छत्तीस इंच का नाही

स्कॅन करण्याआधी कागदाच्या दोन अडचणी सोडवाव्या लागल्या. चांदीच्या क्षारांवर आधारलेल्या जुन्या कृष्णधवल प्रतींमध्ये, विशेषतः दमट हवेत राहिलेल्या प्रतींमध्ये, गडद भागातील चांदी पृष्ठभागावर येते आणि तिरपे धरल्यास निळसर आरशासारखी चकाकी दिसते. या प्रतीत ती विमानाच्या पोटाखालच्या सावलीत आणि कडांवर होती. शिवाय कागदाचा पृष्ठभाग रेशमी कापडासारखा खडबडीत होता. त्या काळी स्टुडिओ असा कागद हौसेने वापरत, आणि सपाट स्कॅनरचा दिवा त्यावरून फिरला की प्रत्येक उंचवट्याचा ठिपका चित्रात उतरतो. म्हणून स्कॅनर बाजूला ठेवून कॅमेऱ्यानेच प्रत घेतली: दोन्ही बाजूंच्या दिव्यांवर पोलरायझर, म्हणजे चकाकी रोखणारी गाळणी, भिंगावर त्यांच्याशी काटकोनात फिरवलेला पोलरायझर, आणि प्रत सपाट राहावी म्हणून चारी कडांवर हलका दाब. असे केल्याने चकाकी बरीचशी गेली आणि पोत जवळजवळ दिसेनासा झाला. कागदाच्या मागची बाजूही त्याच वेळी टिपून ठेवली, कारण पेन्सिलीचा शब्द आणि शिक्का हा पुराव्याचाच भाग आहे आणि पुढे तो पुसट होणारच.

आता आकार. पाच इंचांची बाजू १२०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला १२०० ठिपके या हिशेबाने, टिपली तर ६००० पिक्सेल मिळतात आणि छत्तीस इंचांवर पसरले तरी दर इंचाला सुमारे १६६ पिक्सेल उरतात. दिवाणखान्यातील अंतरावरून हे पुरेसे वाटते; एक मीटरवरून निरोगी डोळ्याला सुमारे ०.३ मिलिमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, आणि तेवढ्यासाठी इंचाला नव्वदच्या आसपास पिक्सेल पुरतात. शहरातल्या एका छपाई केंद्राने याच हिशेबावर “आरामात होईल” असे कुटुंबाला सांगितले होते. हिशेब बरोबर आहे, फक्त तो पिक्सेलचा आहे. कागदावर मुळात जेवढा तपशील आहे त्याच्यापलीकडे कितीही पिक्सेल घेतले तरी त्यांच्यात भरायला काही नसते. ६०० आणि १२०० डीपीआयच्या प्रती शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा दुसरीत एकही नवी रेषा दिसली नाही. तेच धूसर काठ मोठे झाले होते.

निर्णय चेहऱ्यांवर झाला. मूळ कागदावर काकांचा चेहरा दोन मिलिमीटरांच्या आसपास आहे. छत्तीस इंचांच्या चाचणी पट्टीवर तो दीड सेंटिमीटरच्या जवळ गेला आणि चेहरा न राहता राखाडी डाग झाला. पंधरा इंचांच्या पट्टीवर तो सुमारे सहा मिलिमीटर झाला, आणि तिथे टोपी, कपाळ, हनुवटी हे सारे शाबूत राहिले. ओळखीच्या माणसाला ते काका आहेत हे सांगावे लागत नव्हते. विमान दोन्ही आकारांत चांगले दिसत होते. चित्र निव्वळ विमानाचे असते तर मी पंचवीस इंचांपर्यंत जायला तयार झालो असतो. पण हे विमान भिंतीवर येण्याचे कारण चाकापाशी वाकलेला माणूस आहे, आणि त्यालाच पुसून विमान मोठे करण्यात अर्थ नव्हता.

छायाचित्र पंधरा बाय साडेदहा इंच, माउंट वर आणि दोन्ही बाजूंना साडेचार इंच, खाली पाच इंच, म्हणजे एकूण चोवीस बाय वीस इंचांची फ्रेम असा आराखडा झाला. भोवती रुंद पांढरी कड असली की लहान छायाचित्र भिंतीवर हरवत नाही. उलट पाहणारा दोन पावले पुढे येतो, आणि या छायाचित्राकडे दोन पावले पुढे येऊनच पाहायला हवे.

रंग

रंगीत करण्याचा आग्रह नातवाचा होता आणि त्याने एका संगणकीय साधनातून तशी प्रत करूनही आणली होती. पहिल्या नजरेत ती आकर्षक होती. निळे आकाश, तपकिरी डेक, चेहऱ्यांना त्वचेचा रंग. धडावरच्या वर्तुळाकार राष्ट्रचिन्हाचे बाहेरचे कडे मात्र त्या साधनाने निळे केले होते आणि मधला ठिपका लाल. म्हणजे भारतीय नौदलाच्या विमानावर ब्रिटिश चिन्ह उमटले होते. त्या साधनाने शिकताना जी असंख्य चित्रे पाहिली असतील त्यांत ब्रिटिश विमाने अधिक असणार, हे त्यामागचे साधे कारण असावे. भारतीय चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा असतो.

हे चिन्ह हाताने दुरुस्त करता येईल, असे नातवाचे म्हणणे होते. चिन्हापुरते ते खरे आहे, कारण तिथला रंग ठाऊक आहे. बाकीच्या छायाचित्राबाबत तसे म्हणता येत नाही. कृष्णधवल फिल्म रंगाची नोंद ठेवत नाही, उजेडाची ठेवते. आणि तीही फिल्मच्या जातीप्रमाणे वेगळी. लाल रंगाला आंधळ्या असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर केशरी रंग काळसर उमटतो, तर सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तोच उजळ होतो. एकाच राखाडी छटेमागे निळी, हिरवी किंवा मातकट अशी कोणतीही वस्तू असू शकते. ब्रिटनमधून आलेल्या सी हॉकवर तिथल्या नौदलाप्रमाणे वरून गडद सागरी राखाडी आणि खालून फिकट हिरवट रंग असे. काकांनाही ‘वर काळपट, खाली पांढुरकं’ असेच आठवत होते. पण गोदीत उभ्या असलेल्या स्त्रियांच्या साड्या, मुलाची चड्डी, डेकवर पडलेला कापडी पसारा यांचे रंग आठवणीतूनही मिळणार नव्हते. तिथे जे भरले जाईल ते आपल्या कल्पनेतले.

त्याच साधनाने दुसरीही एक गोष्ट केली होती जी रंगापेक्षा गंभीर होती आणि कोणाच्या लक्षात आली नव्हती. चित्र ‘स्वच्छ’ करताना त्याने धडावर रिव्हेटच्या नव्या रांगा काढल्या होत्या आणि पुसट क्रमांकाच्या जागी अंकांसारख्या दिसणाऱ्या, पण कोणत्याच लिपीत न बसणाऱ्या खुणा उमटवल्या होत्या. काकांनी चष्मा काढून त्या रांगांवरून बोट फिरवले आणि तिथे पत्र्याचा जोड नव्हता, तपासणीची झडप होती, असे सांगितले. यानंतर रंगाचा विषय घरातच मिटला.

छपाई कृष्णधवलच, पण निव्वळ काळ्या शाईत नाही. मूळ कागदाला वयामुळे आलेली उबदार छटा थोडी राखली, चांदीचे डाग आणि एक आडवी घडी काढून टाकली, आणि कडेचा फाटलेला कोपरा तसाच ठेवून माउंटच्या आत झाकला. घडी काढावी की नाही यावर दुमत असू शकते. माझा नियम असा की कागदाला नंतर झालेली इजा काढावी, कॅमेऱ्यासमोर जे होते त्याला हात लावू नये.

मस्टँगचा पर्याय

दरम्यान नातवाने वेगळाच प्रस्ताव मांडला, आणि तो गांभीर्याने घेण्याजोगा होता. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे १९४२च्या सुमारास सरकारी युद्धमाहिती कार्यालयासाठी आल्फ्रेड पामर आणि इतर छायाचित्रकारांनी काढलेल्या चार बाय पाच इंची कोडाक्रोम पारदर्शिका, म्हणजे रंगीत स्लाइड, आहेत. त्यांत कॅलिफोर्नियातील इंगलवूड येथील नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या कारखान्यातली बी-२५ बाँबर आणि पी-५१ मस्टँग विमाने आहेत. अमेरिकी सरकारच्या कामासाठी काढलेली असल्याने त्यांवर स्वामित्वहक्काचे बंधन नाही आणि मोठ्या फाइली विनामूल्य उतरवून घेता येतात. छत्तीसच काय, साठ इंचांची छपाईही त्यांतून उत्तम होते. एवढ्या मोठ्या पारदर्शिकेतला तपशील आणि कोडाक्रोमचे न उडालेले रंग यांपुढे आपली साडेतीन बाय पाचची प्रत केविलवाणी दिसते, हे मान्य करावे लागेल. जगभर विकल्या जाणाऱ्या विमानचित्रांपैकी बरीचशी याच खजिन्यातून येतात.

एखाद्या कॅफेची भिंत असती तर मी हाच पर्याय सुचवला असता. या घरात मस्टँगशी कोणाचा काही संबंध नव्हता. नातवाने ते चित्र स्वतःच्या खोलीसाठी छापून घेतले, आणि तिथे ते शोभतेही.

गोव्यातील रंगीत छायाचित्र

मोठे रंगीत चित्र हवेच होते, तेव्हा ते प्रामाणिक मार्गाने मिळवायचे ठरले. वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर १९९८ मध्ये सुरू झालेल्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक उघड्यावर उभे आहे. सोबत अलिझे, फायरफ्लाय ही नौदलाची जुनी विमाने आणि मूळचे एअर इंडियाचे असलेले सुपर कॉन्स्टेलेशन विमानही आहे. रत्नागिरीहून काकांना घेऊन कुटुंब गोव्याला जाणारच होते. कॅमेरा कन्येचाच, चोवीस मेगापिक्सेलचा. मी त्यांना काही सूचना लिहून दिल्या होत्या.

पहिली सूचना ऋतूची. गोव्यात एप्रिलच्या शेवटापासून सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो; तेव्हा पंखांची सावली धडावर पडते आणि विमानाचा खालचा निम्मा भाग काळा होतो. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवरच असतो आणि चारनंतर त्याचा उजेड आडवा येऊ लागतो. संग्रहालय सूर्योदयाला उघडत नाही, त्यामुळे हिवाळ्यातली उशिराची दुपार हीच खरी वेळ. दुसरी सूचना अंतराची: विमानाला चिकटून मोबाइलने किंवा रुंद भिंगाने टिपले की नाक फुगते आणि शेपूट आक्रसते, म्हणून आवारात जेवढे मागे जाता येईल तेवढे जाऊन ७० ते १०० मिलिमीटरच्या भिंगाने टिपावे. शेजारीच आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ असल्याने कॅमेरा आवाराबाहेर वळवू नये, हेही त्यात होते. आणि एक विनंती: काकांना विमानासमोर ओळीत उभे करून फोटो काढाच, पण भिंतीसाठीचा तो नसावा.

आलेल्या छायाचित्रांपैकी ज्यात पंखाच्या मुळाशी झोतनळीचे तोंड नीट उजळले आहे ते निवडले. संग्रहालयातील विमानाचे रंग भिंतीवरच्या जुन्या छायाचित्राला ‘खरे’ रंग म्हणून वापरता येणार नव्हते, कारण समुद्राच्या हवेत उघड्यावर उभ्या विमानांना वेळोवेळी नव्याने रंग दिला जातो. पण ते त्या दिवशी, त्या उजेडात जसे होते तसे टिपलेले आहे आणि खाली तसे लिहिले आहे. ६००० बाय ४००० पिक्सेलमधून इंचाला २०० या हिशेबाने तीस बाय वीस इंचांची स्वच्छ छपाई झाली.

ते दिवाणखान्यात लावायचे नाही, हा माझा सल्ला कुटुंबाला सुरुवातीला विचित्र वाटला. एकाच भिंतीवर तीस इंचांचे रंगीत आणि पंधरा इंचांचे कृष्णधवल असे दोन्ही ठेवले तर कोणीही रंगीताकडेच पाहील. त्यामुळे मोठे चित्र प्रवेशापासून आत जाणाऱ्या पॅसेजमध्ये गेले, जिथे ते दुरून दिसते, आणि लहान चित्र काकांच्या खुर्चीजवळच्या भिंतीवर, केंद्र जमिनीपासून सव्वाचार फुटांवर येईल असे लागले. नेहमीच्या हिशेबाने हे खाली आहे. पण तिथे बसूनच पाहिले जाते.

कागद, काच आणि रत्नागिरीचा पाऊस

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि चार महिने भिंती ओल धरतात. अशा हवेत फ्रेम सजावटीपेक्षा संरक्षणासाठी अधिक लागते, आणि बाजारातील नेहमीची पद्धत इथे सर्वाधिक नुकसान करते. छायाचित्र काचेला चिकटून, मागे हार्डबोर्ड, कडेने चुका आणि वर खाकी कागदाची पट्टी, अशी ती पद्धत. पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला बाष्प धरते, कागद काचेला चिकटतो आणि तो सोडवताना चित्राचा थर निघून येतो. हार्डबोर्डमधले आम्ल कागदाला पिवळे करते, शिवाय वाळवी आणि कसर यांना तो आवडतो.

पहिला निर्णय असा की मूळ प्रत भिंतीवर जाणारच नाही. ती पॉलिएस्टरच्या पाकिटात, आम्लविरहित कागदाच्या लिफाफ्यात, लोखंडी कपाटातल्या मधल्या कप्प्यात आहे. चिकट पानांच्या अल्बममधून ती बाहेर काढणे हे या सगळ्या कामातले कदाचित सर्वांत उपयोगी पाऊल होते. भिंतीवर गेली ती पिगमेंट शाईने सुती कागदावर केलेली छपाई. माउंट जाड, आम्लविरहित, तिरप्या कापाचा, म्हणजे काच आणि चित्र यांच्यात अंतर राहते. छपाई माउंटच्या मागे जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर, गव्हाच्या खळीने, केवळ वरच्या कडेला टांगली आहे. सेलोटेप किंवा फेव्हिकॉल लावला असता तर हवेनुसार फुगणाऱ्या-आकसणाऱ्या कागदाला सुरकुत्या पडल्या असत्या. पाठीमागे हार्डबोर्डऐवजी पोकळ प्लास्टिकचा तक्ता, कडेने ॲल्युमिनियमची चिकटपट्टी आणि खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी गुंड्या, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यामधून हवा खेळते. पश्चिमेची, पावसाचा मारा झेलणारी भिंत कटाक्षाने टाळली.

काचेवर सर्वाधिक खर्च झाला. काकांच्या खुर्चीसमोर खिडकी आहे आणि साध्या काचेत त्यांना खिडकीच दिसली असती, म्हणून लहान फ्रेमला परावर्तन रोखणारी काच घेतली. पॅसेजमधील मोठ्या फ्रेमला वजन कमी राहावे म्हणून ॲक्रिलिक घेतले आणि कोरड्या फडक्याने पुसायचे नाही, ही सूचना मागच्या बाजूला चिकटवली. ती कोणी वाचली नाही. पहिल्याच दिवाळीच्या साफसफाईत त्यावर बारीक ओरखड्यांचे वर्तुळ उमटले. उजेड तिरपा पडला तरच ते दिसते, आणि तूर्त ते बदलायचे नाही असे कुटुंबाने ठरवले आहे. फ्रेमची पट्टी दोन्हीकडे साधी, सपाट, सागवानी. सोनेरी नक्षीचा आग्रह कोणी धरला नाही.

प्रतींचा हक्क

फ्रेम लागल्यावर एका नातेवाइकाने या कृष्णधवल चित्राच्या प्रती ऑनलाइन विकण्याची कल्पना मांडली आणि माझ्याकडे फाइल मागितली. मी ती दिली नाही. छायाचित्र काकांकडे आहे याचा अर्थ त्याचे हक्क त्यांच्याकडे आहेत असा होत नाही. स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही इतर कृतींप्रमाणे कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. आणि ते नौदलाच्या छायाचित्रकाराने नोकरीचा भाग म्हणून काढले असेल तर पहिला हक्क सरकारचा. इथे छायाचित्र कोणी काढले हे काकांना आठवत नाही, आणि मागच्या शिक्क्यावरून ते कुठे छापले गेले असावे एवढेच कळते. घरातल्या भिंतीसाठी एक प्रत करणे आणि ती शेकड्याने विकणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. कुटुंबातल्या दोघा भावंडांना त्याच आकाराची, त्याच ओळीसह एकेक प्रत करून दिली. विक्रीचा प्रश्न स्टुडिओचा शिक्का पुरता वाचता येईपर्यंत आणि तिथून छायाचित्रकाराचा माग लागेपर्यंत बाजूला ठेवला आहे. गोव्यातले रंगीत छायाचित्र मात्र कन्येचे स्वतःचे असल्याने, संग्रहालयाकडून व्यावसायिक वापराची परवानगी मिळाल्यास ते विकायला त्या मोकळ्या आहेत.